आतला फोन

उदगीरच्या आमच्या गल्लीतला पहिला कंप्युटर आमच्या घरी आला आणि तो माझ्यासाठी आला, असं सगळे म्हणत. वडील, म्हणजे अण्णा म्हणत, काका म्हणत, शेजारच्या काकू तर दारावर आलेल्या भाजीवालीलाही थांबवून सांगत. मला मात्र त्याच्यापुढे एकटीनं बसायला एकदाही मिळालं नाही.

मी त्या वर्षी बी.एस्सी. झाले होते. नांदेडला एम.एस्सी.च्या यादीत माझं नाव लागलं होतं आणि वसतिगृहात खोलीही मिळणार होती. फी भरायची आणि गादी-चादर घेऊन राहायला जायचं, एवढंच बाकी होतं. मी मनानं केव्हाच गेले होते. नेमकी तेव्हाच लातूरच्या एका घराकडून माझ्यासाठी विचारणा आली. मुलगा अमेरिकेत, निर्व्यसनी, एकुलता एक. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडला. मुलाचं म्हणणं एवढंच होतं की आत्ता लगेच काही येता येणार नाही, तेव्हा आधी मुलीशी ईमेलवर बोलतो, मग काय ते ठरवू.

"अण्णा, मला नांदेडला जायचंय," मी म्हटलं.

"नांदेडात काय हाय?" अण्णा म्हणाले. "अमेरिकेत शिक की. लई शिक. तिथं कोण नको म्हणायलंय?"

काकांनी मान डोलावली. काकांनी मान डोलावली की आमच्या घरात विषय संपायचा. ते अण्णांचे धाकटे भाऊ. चाकूरच्या कचेरीत अव्वल कारकून होते, रोज जाऊन येऊन करत. अण्णांचं मोंढ्यात आडतीचं दुकान. तूर, हरभरा आणि सोयाबीन सोडून बाकीच्या जगात अण्णा काकांचं बोट धरून चालायचे. त्यामुळे नांदेड बाजूला पडलं आणि कंप्युटर आला.

लातूरहून जीपमध्ये गादीवर निजवून आणला त्याला. सोबत दुकानाचा माणूस, उन्हातही गळ्यात टाय. कंप्युटर कुठे ठेवायचा यावर चर्चा झाली. मी म्हटलं, माझ्या खोलीत ठेवू. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तो न्हाणीत ठेवा म्हटलं होतं. फोन बैठकीत, म्हणून कंप्युटरही बैठकीत, अण्णांच्या गादी-तक्क्यांसमोर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. आईनं त्याला ओवाळलं. काकांनी काचेवर कुंकवानं स्वस्तिक काढलं. पुसताना ते पसरलं, आणि पुढं कितीतरी दिवस पडद्याची एक कड गुलाबी राहिली.

हल्लीच्या पोरांना सांगितलं तर हसतात, पण तेव्हा नेट लागायचं ते फोनच्या तारेवरून. नेट चालू म्हणजे फोन बंद. आणि आमचा फोन काही फक्त आमचा नव्हता. अर्ध्या गल्लीनं आपापल्या नातेवाइकांना आमचाच नंबर देऊन ठेवला होता. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा मुलगा पुण्याला पोचला, सगळं आमच्याकडे कळायचं आणि मग आम्ही गल्लीत हाका मारायचो. त्यामुळे मी नेटवर बसले की अर्धी गल्ली खोळंबायची. शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "झालं का गं बाई तुझं अमेरिकेशी?" लग्नाआधी नवऱ्याशी बोलणारी आणि त्यासाठी अख्खी गल्ली थांबवणारी मुलगी म्हणून माझी लई तारीफ झाली.

त्यात आमच्या फोनला बाहेरगावचं कुलूप होतं. एक आकडा फिरवल्याशिवाय बाहेरगावी फोन लागत नसे, आणि तो आकडा फक्त अण्णांना माहीत. नेटचा नंबर लातूरचा, म्हणजे बाहेरगावचाच. तेव्हा आधी अण्णांनी उठून, डाव्या हाताचा आडोसा आकड्यांवर धरून कुलूप उघडायचं. मग काकांनी खुर्ची ओढून माझ्या उजवीकडे बसायचं. मग मी बटण दाबायचं. मग ती खरखर, किरकिर, शिट्टी आणि पुन्हा खरखर. ते सगळं होईस्तोवर कुणी बोलायचं नाही असा काकांचा दंडक होता. बोलल्यानं लाइन बिघडते असं त्यांना वाटायचं.

आता आतल्या फोनचं सांगायला हवं. अण्णा जेवायला बसले की नेमका लातूरहून बाजारभावाचा फोन यायचा, म्हणून त्यांनी स्वयंपाकघराबाहेरच्या कोनाड्यात दुसरा फोन बसवून घेतला होता. तार एकच. बाहेरचा वाजला की आतला वाजायचा. अण्णांनी तो स्वतःसाठी बसवला आणि दुपारी तो आपोआप आईचा झाला. आई देवणीकडची, सीमेलगतच्या खेड्यातली, तिच्या माहेरी घरात कन्नड. आमच्या घरात कुणालाच ते येत नव्हतं. सगळ्यांची जेवणं उरकली, अण्णा मोंढ्यात गेले, की देवणीहून मावशीचा फोन यायचा, आणि आई भिंतीला टेकून खाली बसून बोलायला लागायची. तेव्हा तिचा आवाज वेगळा असे. भराभर बोले, मध्येच खदखदून हसे, कुणाला तरी शिव्याही घालत असावी. मराठीत माझी आई फार मोजकं बोलायची. मी लहानपणी विचारायची, काय बोललीस गं एवढं? ती म्हणायची, "काही न्हाई, भाजी काय केली ते."

शिवाय त्या काळी फोन सारखा बंद पडायचा. पाऊस आला, बंद. कुणी खड्डा खणला, बंद. त्यामुळे येताजाता फोन उचलून कानाला लावायची खोड आमच्या घरी सगळ्यांनाच होती. आईला जरा जास्तच. लाटण्यावरून हात काढून ती फोन उचलायची, आवाज येतोय का ऐकायची, आणि ठेवून द्यायची. "काय बघायलीस?" म्हटलं की म्हणायची, "जित्ता हाय का बघितला."

टायवाल्यानं जाताना सगळ्यांना बजावलं. "नेट चालू असताना आतला फोन कुणी उचलायचा नाही. उचलला की लाइन तुटली. मग सगळं पहिल्यापासून." आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनंही मान डोलावली. तिला काय कळलं असेल हा प्रश्न कुणाला पडला नाही.

पहिले काही दिवस तिची खोड जाईना. मी पत्र अर्धं वाचलेलं असायचं आणि लाइन कट. काका तिथूनच ओरडायचे, "वैनी, उचलला का फोन?"

"हाव. जित्ता हाय का बघितला."

"आवो, तुम्ही बघितला की मरतो तो!"

बैठकीत हशा. मीही तणतणत आत जायची आणि आईवर डाफरायची, की एवढं साधं तुला कळत नाही का. ती म्हणायची, "बरं बाई, न्हाई उचलत." आणि खरंच मग तिनं सोडलं. नेटची खरखर सुरू झाली की ती कोनाड्याकडे फिरकायचीही नाही.

तर ईमेल. काकांना ईमेल एका कारणासाठी फार आवडला. त्यात विषय लिहायला वेगळी जागा होती. "बघ, शासकीय पद्धत हाय," ते म्हणाले. पहिल्या उत्तराचा विषय त्यांनी घातला, आपल्या ईमेलबाबत. वर श्री लिहायला लावलं. मजकूर ते सांगायचे, मी इंग्रजीत टंकायची. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ते पुन्हा मराठीत वाचून दाखवायचं. मोंढ्यातले कुणी बसलेले असले तर त्यांनाही. पासवर्ड म्हणजे आमच्या कुलदैवताचं नाव, जे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मुलाची पत्रं आखूड असत. मायना नाही, मोठ्यांना नमस्कार नाही, सरळ माझं नाव आणि मग दोन-चार ओळी. काकांना ते खटकायचं. मला नाही. माझं नुसतं नाव असं कुणी लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. एकदा त्यानं विचारलं, तुझ्या खिडकीतून काय दिसतं?

आमच्या खिडकीतून शेजारच्यांची सिमेंटची टाकी दिसायची, आणि टाकीवर बसून रोज एक कावळा त्यांचं पाणी खराब करायचा. मी तेच टंकायला घेतलं.

"ह्या!" काका म्हणाले. "लिही, आमच्या घरातून उदगीरचा ऐतिहासिक किल्ला दिसतो."

"दिसत नाही, काका."

"गच्चीवर जाऊन मान वळवली की दिसतो. लिही."

लिहिलं. त्याला किल्ल्याबद्दल फार उत्सुकता वाटली. मग काकांनी किल्ल्यावर दीड पान सांगितलं, तट, बुरूज, खंदक. त्यालाही तो फार मन लावून उत्तर द्यायचा. मला भीती वाटायला लागली की हा बिचारा काकांच्या प्रेमात पडतो की काय. रात्री अंथरुणावर हे आठवून हसू यायचं, पण ते फार वेळ टिकायचं नाही. तिकडे कुणीतरी मला मी कोण आहे ते विचारत होतं आणि इकडून काका उत्तर देत होते. मी मध्ये नुसती बोटं हलवत होते. मुलगा वाईट नव्हता, मला तेवढं कळत होतं. पण त्याच्याकडे जायचं म्हणजे या बैठकीतून उचलून दुसऱ्या बैठकीत ठेवल्यासारखं वाटत होतं, आणि नांदेडला मी माझ्या पायानं जाणार होते. फरक एवढाच होता आणि तो मला कुणालाच नीट सांगता येत नव्हता.

एकदा धीर करून मी अण्णांना म्हटलं, मला एक पत्र एकटीनं लिहू द्या.

"एकटीनं काय लिहिणार हायस?" अण्णांनी खरंच नवलानं विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

भाद्रपदात त्याचं पत्र आलं. माझ्या घरच्यांना सगळं पसंत आहे, मलाही. पण मोठ्यांचा होकार मला पुरेसा नाही, तुझ्या मनात असेल तर तू स्वतः तसं लिही. फोन नको, कुणाकरवी निरोप नको. घाई नाही.

काकांनी ते मराठीत वाचून दाखवलं आणि बैठकीत आनंदीआनंद झाला. "मुलगा लई सभ्य," अण्णा म्हणाले. तू स्वतः लिही या ओळीचा अर्थ त्यांनी असा घेतला की पत्र माझ्या नावानं जायला पाहिजे. काकांनी पंचांग काढलं. दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागत होता, आणि त्या पंधरवड्यात आमच्याकडे शुभ शब्द काढत नाहीत. बोलणी नाहीत, होकार नाही, नवी चप्पलसुद्धा नाही. म्हणजे होकार आजच द्यायचा, आणि तोही दुपारचा राहुकाळ टळल्यानंतर, दिवेलागणीच्या आत. अमेरिकेत तेव्हा किती वाजले असतील याचा हिशेब कुणी केला नाही. मुहूर्त पाठवणाऱ्याचा, असं काकांनी ठरवून टाकलं.

आईला पुरणपोळी करायला सांगितलं. पेढे आले. शेजारच्या काकू येऊन बसल्या, मोंढ्यातले दोघे आले. मी चांगली साडी नेसावी असंही निघालं. पत्र पाठवायला साडी! पण मी नेसले. नाही म्हणायची शक्ती माझ्यात उरली नव्हती.

मजकूर आधीच टंकून ठेवला होता. वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादानं या विवाहास माझी संमती आहे. कितीतरी पत्रं माझ्या नावानं गेली होती, त्यात माझ्याबद्दल काही सांगणारी ही पहिलीच ओळ, आणि ती खोटी. मी साडी बदलायच्या निमित्तानं आत गेले होते तेव्हा आईजवळ उभी राहून एवढंच म्हटलं होतं, "आई, मला नाही गं जायचं. मला नांदेडला जायचंय." ती पुरण वाटत होती. तिनं वर बघितलं नाही. "बस जा बाहेर, बोलवायलेत," म्हणाली. त्या क्षणी मला तिचा जेवढा राग आला तेवढा काकांचाही कधी आला नव्हता.

राहुकाळ टळला. अण्णांनी हाताचा आडोसा धरून कुलूप उघडलं. काका उजवीकडे बसले. खरखर, किरकिर, शिट्टी. पान हळूहळू उघडत गेलं. मी मजकूर चिकटवला, काका म्हणाले, "दाब," मी दाबलं, आणि खालची पट्टी भरायला लागली. निम्म्यात आली आणि लाइन तुटली.

"राहू दे. परत लाव."

परत लावलं. परत तसंच, पट्टी निम्म्यात आणि तुटली. काकांनी तारा काढून फुंकर मारली, परत खोचल्या. अण्णा आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "आतला फोन उचलला का कुणी?"

"मी कणीक मळायलेय," आतून आईचा आवाज आला. "दोन्ही हात भरल्यात."

पुरणपोळीची सैल, तेलातली कणीक. ती मळताना बाई नाकावरची माशीही हाकलू शकत नाही, हे बैठकीतल्या सगळ्यांना माहीत होतं. विषय तिथंच संपला. पुन्हा लावलं. पुन्हा तुटलं. काकू म्हणाल्या, दृष्ट लागली. मोंढ्यातल्या एकानं सांगितलं, टाकीजवळ खांब वाकलाय, त्याचंच असणार. काका घामाघूम. मी प्रत्येक वेळी तीच ओळ चिकटवत होते, प्रत्येक वेळी श्वास अडकत होता, आणि प्रत्येक वेळी ती पट्टी थांबली की सुटत होता. आतमध्ये काहीतरी माझ्या बाजूनं आहे असं मला तेव्हाही सुचलं नाही. मला वाटलं, सरकारी तारच ती, तिला कुठं माझं दुःख.

मी पाणी प्यायला उठले. काकांनी मागून सांगितलं, लवकर ये, वेळ चाललीय, तोवर मी लावतो.

आत आई कोनाड्यापाशी उभी होती. बैठकीतून खरखर सुरू झाली. तिनं मान तिरकी करून ती ऐकली, कुकरची शिट्टी ऐकावी तशी. शिट्टी झाली, खरखर थांबली. ती थोडी थांबली. मग तिनं कणकेनं भरलेल्या हातानं रिसीव्हर उचलला, कानाला न लावता तसाच धरला, आणि बाहेरून काकांचं "तुटली!" ऐकू आल्यावर हळूच खाली ठेवला. रिसीव्हरवर सगळीकडे कणीक. बोटांचे ठसे एकावर एक बसले होते. आधीचे वाळून पांढरे झालेले, त्यावर ओले.

मी तिथंच उभी. तिनं मला बघितलं आणि दचकली नाही.

"जित्ता हाय का बघायलेय," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. तिनं कोपरानं मला ढकललं, हात भरलेले होते म्हणून. "डोळे पूस. जा. बसून राहा त्यांच्यासंगं. मी हाय इथं."

मी जाऊन बसले. पुन्हा तीच ओळ चिकटवली, पुन्हा दाबलं. आता मला भीती वाटत नव्हती. काका कपाळ पुसत होते आणि अण्णा दारातून आभाळाकडे बघत होते. मी मात्र आतल्या बाजूला कान देऊन बसले होते. दिवेलागण झाली. काकांनी पंचांग मिटलं. "आता पंधरवडा झाल्यावर."

लातूरला फोन करून सांगू या का, लाइन बिघडली म्हणून, असं कुणीतरी सुचवलं. अण्णांना ते पटलं नाही. यांच्याकडे धड लाइनसुद्धा न्हाई, असं म्हणतील, खामखा इज्जत जाईल. आणि पंधरवड्यात तो विषयच नको. मुलगा घाई नाही म्हणालाच आहे. पुरणपोळ्या मात्र सगळ्यांनी खाल्ल्या. त्या दिवशीच्या फार मऊ झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आईनं रिसीव्हर ओल्या फडक्यानं पुसला. भोकांत अडकलेली कणीक मी सुईनं काढली.

काका गप्प बसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी टेलिफोनवाल्यांकडे तक्रार दिली. लाइनमन आला, खांबावर चढला, उतरला, दोन्ही फोन उघडून बघितले. बाहेर सगळं ठीक होतं. मग त्यानं आपलं मत दिलं. एका तारेवर दोन फोन असले की जोर वाटला जातो, नेट पाहिजे असेल तर आतला काढून टाका.

"काढ," अण्णा म्हणाले.

मी तोंड उघडलं होतं. पण काय बोलणार? आतल्या फोनचा काही दोष नाही असं म्हटलं असतं, तर मग दोष कुणाचा, हे आलं असतं. आईनं माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. लाइनमननं खिळे उपटले, तार गुंडाळली, फोन पिशवीत घातला. कोनाड्यात फोनच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला. आईनं कोनाडा झाडला आणि तिथं तेलाची बरणी ठेवली. दुपारी मावशीचा फोन बैठकीत वाजला. अण्णा घरीच होते. आई पदर सावरत बैठकीत गेली, उभ्यानं बोलली, आणि मराठीत बोलली. "हाव. बरं हाय. ठेवते." अण्णा समोर असताना कन्नडमध्ये हसणं तिला कसं जमणार?

पंधरवडा संपायला आला तेव्हा लातूरहून मुलाच्या वडिलांचा फोन आला. आवाज शांत होता म्हणे. मुलगा म्हणतो, इतक्या दिवसांत जिला दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत, तिला उगाच बांधू नका. अण्णांनी लाइनचं सांगून बघितलं. लाइनच्या सबबी लातूरवाल्यांनाही माहीत होत्या. काका कितीतरी दिवस म्हणत राहिले की एका तारेपायी पोरीचं नशीब फिरलं. मला त्या अमेरिकेतल्या माणसाबद्दल आजही आदर वाटतो. आमच्या बैठकीतून गेलेल्या साऱ्या पत्रांत त्याला मी कधी भेटले नाही, आणि एक पत्र गेलं नाही त्यातून मी त्याला बरोबर कळले.

उशिराची जादा फी भरून नांदेडला जायची मुदत अजून होती. एका सकाळी अण्णा चहा पिता पिता म्हणाले, "ते नांदेडचं काय म्हणायलीस तू?" काकांनी मान डोलावली नाही, पण नाही म्हणून हलवलीही नाही. "जा मग. घरात बसून तरी काय करायलीस." गल्लीत लोक विचारायला लागले होते, तेही कारण असेल. मी कारण विचारत बसले नाही. आईनं डबा बांधून दिला, स्टँडवर मात्र आली नाही. पोळ्या राहिल्या होत्या.

नांदेडला वसतिगृहाच्या समोर फोनचा बूथ होता. काचेचं दार लावून घेतलं की आतलं बाहेर ऐकू जायचं नाही. पहिल्यांदा ते दार लावून मी नुसतीच उभी राहिले होते, नंबर न फिरवता. मग मी दर रविवारी तिथून घरी फोन करायची. उचलायचे अण्णा. मग काका घ्यायचे, अभ्यासाची चौकशी करायचे. मग हाक जायची आणि आई आतून येऊन फोन धरायची. ते दोघे गादीवर बसलेले, ती उभी, हे मला इकडं दिसायचं. "जेवलीस का? बरं हाय. हाव." संपलं.

एका रविवारी मात्र असं झालं नाही. "जेवलीस का" झाल्यावर ती हळू आवाजात कन्नडमध्ये बोलायला लागली. एक वाक्य, मग दुसरं, मग मावशीशी बोलायची तसं भराभर. मध्ये एकदा हसली. मागून अण्णांचा आवाज आला, "काय बोलायलीस गं?" ती म्हणाली, "काही न्हाई, भाजी काय केली ते," आणि पुन्हा माझ्याशी बोलायला लागली. बंद दाराआड फोन कानाला घट्ट दाबून मी ऐकत होते. तिथं मला कुणी ऐकणारं नव्हतं, काहीही बोलायला मी मोकळी होते. पण तिनं काय सांगितलं यातलं मला काही म्हणजे काही कळलं नाही, आणि मी प्रत्येक वाक्याला नुसतं "हाव" म्हणत राहिले.